जायफळाचं ग्रामण्य

पेयावरून माणसाला वाळीत टाकायची पुण्याची परंपरा जुनी आहे. १८९०च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. हजर मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कुणी चहा घेतला, कुणी नुसता कप हातात धरला. मग हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आली आणि ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. चहा कसा झाला होता याची चौकशी मात्र कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

आज ते ग्रामण्य कॉफीवर आलंय. पंच बदललेत. ते बाणेर, बालेवाडी, खराडीच्या फ्लॅटमध्ये राहतात, पंचविशी-तिशीत आहेत आणि बहुतेकांच्या नावापुढे बी. ई. लागतं. पातकं चार: दूध, साखर, चिकोरी आणि जायफळ. यातलं एक पातक असलं तर माणूस ‘अजून शिकतोय’ म्हणून सुटतो. चारही असली, म्हणजे साधी मराठी घरातली कॉफी असली, की ‘ही कॉफी नाहीच, गरम मिल्कशेक आहे’ असा निकाल येतो. हे वाक्य मी ऑफिसच्या पँट्रीत इतक्यांदा ऐकलंय की आता कोण म्हणालं हेही लक्षात राहत नाही.

मी त्याच वयाचा, त्याच धंद्यातला. माझ्याही ओट्यावर वजनकाटा आहे, हाताने फिरवायचा ग्राइंडर आहे, आणि काळी कॉफी मला आवडते. त्यामुळे हे भांडण घरातलं आहे. माझं म्हणणं सरळ आहे. घरी कॉफी कशी करावी याचे जे नियम ‘शास्त्र’ म्हणून सांगितले जातात, ते एका विशिष्ट पेयाचे आणि विशिष्ट लोकांच्या आवडीचे नियम आहेत. ते लावून आपल्या घरातल्या कॉफीला नापास करणं इंजिनियरला तरी शोभत नाही.

आधी आकड्यांकडे बघू, कारण पंचांचा सगळा भर आकड्यांवर असतो. कॉफीच्या पुडीचा फार तर तीस टक्क्यांच्या आसपास भाग पाण्यात विरघळू शकतो. त्यातला अठरा ते बावीस टक्के उतरला तर कॉफी ‘योग्य’, कमी उतरला तर आंबट, जास्त उतरला तर कडू, असं सांगतात. हे आकडे आले कुठून? १९५०च्या दशकात अमेरिकेत एमआयटीचे अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी कॉफी ब्रूइंग इन्स्टिट्यूटसाठी काम केलं, त्यातून तो प्रसिद्ध तक्ता निघाला. किती टक्के उतरलं हे मोजता येतं, ते मोजमाप वस्तुनिष्ठ आहे. पण त्यातला कुठला चौकोन ‘आदर्श’, हे तेव्हाच्या अमेरिकन लोकांच्या पसंतीवरून ठरलं. पेय होतं ड्रिप पद्धतीची काळी कॉफी.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हा एका ग्राहकाचा स्पेक आहे. एका ग्राहकाचा स्पेक दुसऱ्याच्या प्रॉडक्टला लावून ‘टेस्ट फेल’ म्हणणाऱ्या पोराला आम्ही कोड रिव्ह्यूत काय बोलतो, ते इथे लिहीत नाही. बरं, त्या ग्राहकातही एकमत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी अलीकडे हाच तक्ता पुन्हा तपासला. शंभराहून जास्त लोकांना वेगवेगळ्या ताकदीची काळी कॉफी पाजली. सगळ्यांना आवडणारा एक आदर्श बिंदू सापडलाच नाही. पिणाऱ्यांचे दोन गट पडले, आणि एकाला जे आवडत होतं ते दुसऱ्याला फारसं रुचत नव्हतं.

उपकरणांचंही तेच. एरोप्रेस ज्यांनी काढलं ते अ‍ॅलन अ‍ॅडलर हे स्वतः इंजिनियर. त्यांची शिफारस होती साधारण ऐंशी अंश तापमानाच्या पाण्याची. आज एरोप्रेस वापरणारे कित्येक जण नव्वदच्या खालचं पाणी बघून नाक मुरडतात. म्हणजे खुद्द कर्त्याची कृतीसुद्धा या पंचायतीत पास होत नाही.

आता दुधाकडे येऊ. ‘दूध घातलं की कॉफीची चव मरते’ हे अर्धसत्य आहे. हलक्या भाजणीची, फळांसारख्या आंबटसर चवीची अरेबिका घेतली आणि तिच्यात दूध ओतलं, तर पाणचट आणि आंबूस काहीतरी तयार होतं, हे खरं. पण हा दोष जोडीचा आहे. दुधातली प्रथिनं कॉफीतल्या तुरट घटकांना धरून ठेवतात, कडूपणा मऊ करतात. म्हणून दुधासाठी लागते ती गडद भाजणीची, अंगाने जड कॉफी. दक्षिणेतल्या घरांनी हे गणित कधीच सोडवलंय. पितळी फिल्टरमधून थेंबथेंब उतरणारं डिकॉक्शन मुळात दुधासाठीच बांधलेलं आहे. ते काळं पिऊन ‘फार कडू आहे’ म्हणणं म्हणजे नुसती फोडणी खाऊन आमटीला नावं ठेवणं.

चिकोरीवरचा राग मला अर्धा मान्य आहे. ही एका झाडाची भाजलेली मुळी. तिच्यात कॅफिन नसतं. नेपोलियनने ब्रिटिश व्यापाराची कोंडी केली तेव्हा युरोपात कॉफीचा तुटवडा पडला आणि चिकोरीचा वापर फोफावला. म्हणजे तिचा प्रसार टंचाईतून झाला हे खरंच. आपल्याकडे नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के लागते, म्हणजे कायद्याने ४९ टक्क्यांपर्यंत मुळी चालते. कॉफीच्या भावाने मुळी विकली जात असेल तर तो भावाचा प्रश्न आहे आणि त्यावर जरूर भांडावं. पाकिटावरचं प्रमाण वाचावं, दुकानात विचारावं. पण वीस टक्के चिकोरी दुधाच्या कॉफीला जो दाटपणा आणि जळक्या साखरेसारखा गोडसर कडूपणा देते, तो कुणाला आवडत असेल तर त्यात फसवणूक कुठे आली? मराठी माणसाला ही चव काही काल-परवा कुणी चिकटवलेली नाही. लोण्यामुळे लक्षात राहिलेल्या मुंबईच्या पोल्सन कंपनीची सुरुवातच मुळी कॉफी दळून विकण्यापासून झाली होती, आणि ‘फ्रेंच कॉफी’ या नावाने घरोघर गेली ती तिची चिकोरीमिश्रित पूड.

राहिलं जायफळ. पंचांना सगळ्यात जास्त हसू येतं ते इथे, कारण जायफळ म्हणजे लग्नघर, मैफलीचं मध्यंतर, रात्रीची जागरणं आणि आजी. शिवाय कॉफी जागं ठेवते आणि जायफळाने झोप येते म्हणतात, मग एकत्र कशाला? प्रश्न गमतीचा आहे, पण चवीचं उत्तर साधं आहे. जायफळाचा सुगंध त्याच्या तेलात असतो आणि तो पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात चांगला उतरतो. काळ्या कॉफीत जायफळ किसलं तर लाकडाच्या भुश्यासारखं तरंगतं. सायीच्या दुधात तेच खुलतं. ज्या कुणी पहिल्यांदा ही जोडी जमवली, त्या व्यक्तीने प्रयोग करूनच जमवली असणार. प्रयोगाची वही ठेवली नाही, एवढाच फरक. आणि स्थानिक, ताज्या मालाचं इतकं कौतुक करणाऱ्यांना हेही ठाऊक असावं की जायफळ कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागांत पिकतं.

मोजायचंच असेल तर मोजण्यासारखं पुष्कळ आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. इथे पाणी शंभरला नाही, अठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं. भांड्यात ओतेपर्यंत ते आणखी उतरतं. म्हणजे ‘त्र्याण्णव अंशांसाठी’ घेतलेली महागडी किटली जे काम करते, त्यातलं बरंचसं काम पातेलं गॅसवरून उतरवून मिनिटभर थांबल्याने होतं. त्याहून मोठा प्रश्न खुद्द पाण्याचा. खडकवासल्याचं पाणी त्या मानाने मृदू. वाकड, वाघोलीकडच्या सोसायट्यांत टँकर आणि बोअरचं पाणी येतं, ते जड, किटलीच्या तळाला पांढरी खपली धरणारं. त्यावर उपाय म्हणून आरओ लावला की क्षार जवळजवळ निघून जातात आणि कॉफी सपक लागते. स्पेशालिटीवाल्यांचंच जुनं प्रमाण पाण्यात लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेले क्षार असावेत असं सांगतं. दहा हजारांच्या पुढचा ग्राइंडर घेऊन त्यात पाव किलोला पाचशेहून जास्त रुपयांच्या बिया दळायच्या आणि त्यावर पोकळ पाणी ओतायचं, हे दृश्य मी बऱ्याच घरांत बघतो. त्या घरांत जायफळावर विनोद मात्र न चुकता होतात.

स्पेशालिटी चळवळीचं ऋण मात्र मान्य करायला हवं. १९४२च्या कायद्यानंतर कित्येक दशकं भारतातल्या बागायतदाराला आपली कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात घालावी लागे. आपल्या नावाने, आपल्या भावाने विकायची मुभा नव्हती. १९९०च्या दशकात ती टप्प्याटप्प्याने मिळाली. आज पाकिटावर मळ्याचं नाव, भाजल्याची तारीख, बी वाळवण्याची पद्धत दिसते, ते त्यानंतरच शक्य झालं. चांगल्या मालाला चांगला भाव मिळावा ही मागणी रास्तच आहे.

पण याच चळवळीची चव शेतातल्या वस्तुस्थितीशी भांडते, त्याचं काय? भारतात पिकणाऱ्या कॉफीत साधारण सत्तर टक्के रोबस्टा असते. जड, कडसर, कॅफिन जास्त. दुधात उभी राहणारी. या देशाच्या कॉफीचा मोठा गिऱ्हाईक इटली आहे, आणि तिथे आपली रोबस्टा एस्प्रेसोच्या मिश्रणात मानाने जाते. तीच रोबस्टा इथल्या स्टीलच्या पातेल्यात दुधाबरोबर उकळली की हिणकस ठरते. दुधाची कॉफी म्हणजे अडाण्यांचं पेय, असं ठरवणारा माणूस नकळत कूर्ग-वायनाडच्या बहुसंख्य शेतकऱ्यांच्या पिकालाही अडाणी ठरवत असतो. शेतकऱ्याच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी एवढा हिशोब तरी करावा.

आता ज्या कारणासाठी हे लिहायला बसलो ते. माझ्या ओळखीच्या तीन घरांत गेल्या काही वर्षांत एकच गोष्ट घडली. मुलाने सगळा सरंजाम आणला. पाहुणे आले की मुलगा कॉफी करतो, कौतुक होतं, फोटो निघतात. आणि आई म्हणते, “याची कॉफी वेगळी असते हो, मला नाही ते जमत.” या बायकांनी तीस-तीस वर्षं बारा-पंधरा माणसांची कॉफी अंदाजाने केलीय. काकांना बिनसाखरेची, आत्याला दुधाळ, अभ्यासाला बसलेल्याला कडक, असं प्रत्येकाचं लक्षात ठेवून. साखर आणि पूड पाण्यात उकळायची, दूध घालायचं, जायफळ किसायचं, झाकण ठेवून दोन मिनिटं मुरू द्यायचं, मग गाळायचं. ते ‘मुरू देणं’ आणि फ्रेंच प्रेसमधलं ‘स्टीप’ ही एकच क्रिया आहे. पण पहिलीला सवय म्हणतात आणि दुसरीला कौशल्य.

वजनकाटा आल्याने बाईचं काम कमी झालं असतं तर मी गप्प बसलो असतो. तेही होत नाही. चिरंजीव अर्धा तास ओटा अडवतात, एक कप कॉफी होते, गाळ सिंकमध्ये राहतो. तिकडे एक पदार्थ मुकाट्याने घरातून जातो. मुलाने दोन-तीनदा तोंड वाकडं केलं की आई ती कॉफी करणं सोडते. तिची कृती कुठे लिहिलेली नसते. दहा वर्षांनी हीच कॉफी एखाद्या कॅफेत ‘नटमेग लाटे’ म्हणून साडेतीनशे रुपयांना येईल, आणि आपण तिची चव समजावून सांगणारा कागद वाचत बसू.

माझी स्वतःची आवड विचाराल तर सकाळी काळी, एरोप्रेसमधली. संध्याकाळी पितळी फिल्टर: वीस ग्रॅम ८०:२० पूड, सव्वाशे मिली नुकतं उकळलेलं पाणी, अर्धा तास वाट, मग डिकॉक्शनच्या दुप्पट म्हशीचं दूध, एक चमचा साखर, जायफळाचे तीन घासे. चौथा घासा मला जास्त होतो. हे प्रमाण माझ्या जिभेचं आहे, तुमचं वेगळं निघेल आणि निघावं. पूड वीसऐवजी अठरा केली तर काय होतं ते करून बघा.

आणि वजनकाटा घरात असेलच, तर या रविवारी एक काम करा. आईला, मावशीला, शेजारच्या काकूंना त्यांच्या पद्धतीने कॉफी करायला सांगा. मध्ये बोलू नका. त्यांनी चिमटीने घेतलेली पूड, साखर, दूध, पाणी हळूच वजन करून घ्या, मिनिटं मोजा, जायफळ किती वेळा घासलं ते मोजा आणि लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी तेवढंच घेऊन स्वतः करा आणि त्यांनाच प्यायला द्या. काय चुकलंय ते त्या सांगतील.