कपाटातला सीआरओ

जुनी मापनयंत्रे जमवणाऱ्याच्या घरी बहुधा एकच चित्र दिसते. टेबलावर एक चालू सीआरओ, आणि माळ्यावर किंवा कपाटात ‘सवडीने बघू’ म्हणून ठेवलेले आणखी चार. शेजारी एखादा सिग्नल जनरेटर, दोन व्हीटीव्हीएम, पेटीतला मेगर. चंद्रपूर परिसरात असा माल हाती लागणे अवघड नव्हते. औष्णिक वीज केंद्र, कोळसा खाणी, सिमेंटचे कारखाने, बल्लारपूरची कागदगिरणी, भद्रावतीचा आयुध निर्माणी कारखाना एवढे सगळे एका जिल्ह्यात असल्यावर मोजमापाची यंत्रे येणार, जुनी होणार आणि कधीतरी भंगाराच्या ढिगातून बाहेर पडणार हे ओघाने आलेच. ती वाचवणाऱ्यांचे कौतुक या पानांवर वेळोवेळी होते. या अंकात थोडे वेगळे बोलायचे आहे. आपल्या हवेत ही यंत्रे वयामुळे जितकी खराब होतात त्याहून अधिक पडून राहिल्यामुळे होतात. तेव्हा या छंदाचा भर दुरुस्तीवरून नियमित चालवण्यावर यायला हवा, आणि जे यंत्र चालवणे आपल्याला जमत नाही ते आपण ठेवू नये.

सुरुवात कंडेन्सरपासून करू. अ‍ॅल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधला विद्युतरोधक थर म्हणजे पत्र्यावरचा ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा. तो कारखान्यात व्होल्टेज देऊनच तयार केलेला असतो. कंडेन्सरला अधूनमधून व्होल्टेज मिळत राहिले तर आतला द्रव या पापुद्र्याची झीज भरून काढतो. वर्षानुवर्षे मिळाले नाही तर तोच द्रव पापुद्रा हळूहळू खातो. मग एक दिवस आपण यंत्र काढतो, पुसतो, थेट २३० व्होल्टला लावतो, कंडेन्सरमधून लिकेज प्रवाह वाहतो, तो तापतो, फुगतो, आणि आपण म्हणतो की पन्नास वर्षांचा माल, जाणारच होता. वयाचा वाटा त्यात असतो, नाही असे नाही. पण त्याच काळातले, त्याच बनावटीचे आणि कायम वापरात राहिलेले यंत्र त्याच कंडेन्सरवर चालू असलेले पुष्कळदा सापडते. तिथे वय सारखेच असते. वेगळी असतात ती कपाटात गेलेली वर्षे.

दुसरा पुरावा दमटपणाचा आहे आणि तो खास आपला आहे. चंद्रपुरात वर्षाला सुमारे बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो, गडचिरोलीत त्याहून जास्त. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो आणि वीज जाते, तेव्हा बंद खोलीतल्या यंत्राने किती ओल शोषली असेल याचा अंदाज भिंतीवरच्या बुरशीवरून बांधावा. जुन्या यंत्रांतले कार्बन कंपोझिशन रेझिस्टर ओल शोषतात आणि त्यांची किंमत चढते. काही प्रमाणात ही वाढ तापल्यावर उतरते, कारण ओल बाहेर पडते. वर्षानुवर्षे मुरलेली मात्र कायमची होते. व्हॉल्व्हचा मोठा टेक्ट्रॉनिक्स ५४५ पाचशे वॅटच्या आसपास वीज खातो म्हणून आपण नाके मुरडतो, पण जुलै महिन्यात ती उष्णता त्या यंत्राचे औषध असते. तासभर चालला की आतून वाळतो.

ओलीच्या जोडीला धूळ आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी काढली, तीत चंद्रपूर होते. घरातल्या टेबलावर बोट फिरवणाऱ्याला ते यादीवाचूनही कळते. सीआरओच्या पिक्चर ट्यूबला मिळणारे हजारो व्होल्ट ही धूळ ओढून घेतात. टेक्ट्रॉनिक्स ४६५ सारख्या यंत्रात हा आकडा १८ हजारांवर जातो. कोळशाची धूळ कोरडी असेपर्यंत फारसा त्रास देत नाही. ओल लागली की तिच्यातून वाट तयार होते, आधी हलकी चरचर ऐकू येते आणि मग एखाद्या दिवशी हाय व्होल्टेजचा भाग जळतो. तिसरी गोष्ट गंधकाची. क्राफ्ट पद्धतीने लगदा करणाऱ्या गिरण्यांच्या आसपास चांदीचे काँटॅक्ट काळे पडतात हे जगभरच्या इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना ठाऊक आहे, आणि कोळसा जाळणाऱ्या गावांनाही गंधक नवे नाही. रेंज स्विचच्या चांदीवर बसलेला हा थर स्विच फिरवला की घासून निघतो. वर्षभर एकाच रेंजवर उभ्या असलेल्या स्विचवर तो साचत जातो. मग क्लीनरचा अर्धा डबा फवारूनही ट्रेस उड्या मारतो, आणि कोणीतरी पॉलिश पेपर काढतो. काँटॅक्ट सोन्याच्या मुलाम्याचे असतील तर त्या पॉलिश पेपरने उरलेसुरले संपते.

म्हणजे रोज चालवा, असे आम्ही सांगत आहोत का? तर नाही, आणि याचे कारणही आपली हवाच आहे. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते. मे महिन्यात पारा ४७ च्या पुढे जातो, टिनाच्या छपराखालच्या खोलीत त्याहून वर, आणि यंत्राच्या पेटीत आणखी पंधरा-वीस अंश. दुपारी दोन वाजता व्हॉल्व्हचा सीआरओ चालवणे म्हणजे त्याला म्हातारा करण्याचा कार्यक्रम. उन्हाळ्यात पहाटे किंवा सकाळी, पंख्याची जाळी झाडून, पंधरवड्यातून एकदा पुरे. पावसाळ्यात मात्र आठवड्याला तासभर, चुकवता कामा नये. प्रत्येक स्विच सगळ्या रेंजमधून दहा वेळा फिरवायचा, प्रत्येक पोटेन्शिओमीटर टोकापासून टोकापर्यंत. हिवाळ्यात तर हात थांबवणेच अवघड जाते, तेव्हा त्याबद्दल काही सांगायला नको.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: जुने यंत्र चालू करतानाच तर उडते, मग ते सारखे चालू कशाला करायचे? अनुभव खरा आहे. पण चालू करताना जे उडते ते बहुधा पडून असतानाच खराब झालेले असते. स्विच फक्त निकाल जाहीर करतो. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना डिमरस्टॅट आणि सिरीज बोर्डवरचा बल्ब, हा आपल्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांचा जुना रिवाज लिनिअर पॉवर सप्लायच्या यंत्रांना उत्तम लागू पडतो. बल्ब लखलखीत राहिला तर आत शॉर्ट, मंदावला तर पुढे जा. एसएमपीएस असलेल्या यंत्रांना, म्हणजे टेक्ट्रॉनिक्सच्या २४०० मालिकेसारख्यांना, हीच युक्ती घातक ठरू शकते. असा सप्लाय व्होल्टेज कमी मिळाले की प्रवाह जास्त ओढतो, सुरू होतो, बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. त्याचे कंडेन्सर बाहेर काढून रेझिस्टरमधून वेगळे फॉर्म करावेत आणि मग पूर्ण व्होल्टेज द्यावे. टँटलम कंडेन्सर यापैकी कशालाच दाद देत नाहीत, ते शॉर्ट होतात तेव्हा सांगून होत नाहीत; पण बदलणेही सोपे. अर्थिंगची गोष्ट मात्र टाळता येणार नाही. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की कोळसा-मिठाचा खड्डाही नावापुरता उरतो. त्यात पाणी घालणे हा यंत्र देखभालीचाच भाग समजावा, आणि ट्रेसमधली घरघर जावी म्हणून प्लगची अर्थ पिन कापणाऱ्याने हा छंद सोडून द्यावा.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. पिक्चर ट्यूब वापराने झिजते, आणि नवी मिळत नाही. कॅथोड थकतो, फॉस्फरवर डाग पडतो; मग जपून ठेवणे शहाणपणाचे नाही का? इथे हिशेब करून पाहावा. आठवड्याला एक तास म्हणजे वर्षाला ५२ तास, वीस वर्षांत साधारण हजार. ट्यूबचे आयुष्य हजारो तासांत मोजतात, आणि इंटेन्सिटी उतरवून ठेवली, ट्रेस एकाच जागी उभा केला नाही, तर हे हजार तास ती सहज देते. त्याच वीस वर्षांत बंद ठेवलेल्या यंत्रात मात्र सप्लाय, स्विच आणि हाय व्होल्टेज असे तिन्ही विभाग धोक्यात येतात. स्टोरेज ट्यूबचे स्कोप आम्ही या हिशेबातून वगळतो. ते नाजूक आहेत आणि त्यांना वेगळा न्याय लावावा. मूव्हिंग कॉइल मीटरचेही वेगळे. अ‍ॅव्हो मॉडेल ८ किंवा नाशिकच्या मोटवानेचा जुना मल्टिमीटर सिलिका जेल घालून घट्ट डब्यात ठेवला तर त्याचे फारसे बिघडत नाही, फक्त सेल काढले पाहिजेत. फुटलेल्या सेलने जितकी अ‍ॅव्हो मारली तितकी कोणत्याच पावसाळ्याने मारली नसतील.

सगळेच कंडेन्सर एकदम बदलून मोकळे व्हावे, असे म्हणणारा एक पंथ आहे. त्यांची घाई समजते, पण बाजारातून आणलेला प्रत्येक नवा कंडेन्सर छापील कंपनीचाच असतो याची खात्री कोण देणार? धुरासाठी प्रसिद्ध असलेले मेन्सवरचे रिफाचे कागदी कंडेन्सर न मोजता काढावेत. बाकीच्यांचा ईएसआर आणि रिपल मोजावा आणि जे नापास होतील तेवढेच बदलावेत.

राहिला शेवटचा प्रश्न, जो घरातले लोक सर्वात आधी विचारतात: स्वस्त डिजिटल स्कोप मिळत असताना हा खटाटोप कशाला? कामासाठी डिजिटलच घ्यावा, यात वाद घालण्यासारखे काही नाही. जुन्या यंत्राची जागा दुसरी आहे. त्याच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पूर्ण सर्किट असते, प्रत्येक विभाग कसा चालतो याचे गद्य असते, आणि चुकीची जागा हाताने शोधता येते. १९३९ च्या एचपी २०० ए ऑसिलेटरमध्ये एक साधा बल्ब आउटपुट स्थिर ठेवतो. ते सर्किट समोर उघडून बसलेल्या पोराला निगेटिव्ह फीडबॅक पुन्हा शिकवावा लागत नाही. पण हा सगळा युक्तिवाद चालू यंत्राच्या बाजूचा आहे. बंद यंत्राला तो लागू पडत नाही, हे संग्राहक सोयीस्करपणे विसरतात. अचूकतेचेही तसेच. जवळ कॅलिब्रेशनची प्रयोगशाळा नाही ही तक्रार रास्त आहे, पण छंदासाठी एक चांगला व्होल्टेज रेफरन्स, एकदा कॅलिब्रेट करून आणलेला एक मल्टिमीटर आणि वारंवारितेसाठी जीपीएसवर लावलेला ऑसिलेटर एवढ्यावर बरेच काम होते. अट एकच: नोंदी हव्यात. आठवड्याला तासभर चालणाऱ्या यंत्राच्या वहीत त्याचा स्वभाव उतरतो. पाच वर्षांनी एकदा उघडलेल्या यंत्राचा आकडा बरोबर की चूक, हे तपासायला मागचे काही नसते.

आता न जमणाऱ्या यंत्रांविषयी. एका माणसाला आठवड्याला दोन, फार तर तीन यंत्रे नीट चालवता येतात. बाकीची आपण वाचवली असे आपण म्हणतो, पण खरे तर भंगारवाल्याकडून त्यांना बुरशीकडे सोपवलेले असते. शिवाय पुढे माल मिळेलच असे धरून चालू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्रयोगशाळेतली उपकरणेही आली आहेत, आणि मोठ्या ग्राहकांनी आपला ई-कचरा नोंदणीकृत संस्थांकडेच द्यायचा आहे. नियम योग्यच आहे. उघड्यावर बोर्ड जाळून तांबे काढणाऱ्यांपेक्षा तो शंभर पटीने बरा. पण त्यामुळे कारखान्याच्या स्टोअरमधून भंगारात आणि भंगारातून आपल्या टेबलावर ही जुनी वाट अरुंद होत जाईल. जे आहे ते आहे, आणि त्यातले बरेच आपल्याच माळ्यावर आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत आयटीआय आहेत, तंत्रनिकेतने आहेत, चंद्रपूरला अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. दुरुस्त केलेला सीआरओ, त्याच्या मॅन्युअलची प्रत आणि पावसाळ्यात कसा चालवायचा याची एक पानाची चिठ्ठी असे तिन्ही मिळून दिले तर शिक्षक नाही म्हणणार नाहीत. नुसते यंत्र दिले तर ते तिथल्या कपाटात जाईल, एवढाच फरक पडेल. म्हणून चिठ्ठी महत्त्वाची.

हा अंक मृग लागण्याआधी वाचकांच्या हाती पडावा असा प्रयत्न आहे. ज्यांच्याकडे व्हॉल्व्हचे किंवा सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर काळातले यंत्र आहे त्यांनी या आठवड्यात सकाळी ते अर्धा तास तापवून, एका ठरलेल्या रेफरन्सवर एक वाचन घ्यावे आणि सोबत खोलीचे तापमान व आर्द्रता लिहावी. पोळ्याच्या आसपास तोच रेफरन्स, तेच यंत्र, तोच अर्धा तास. मधल्या आठवड्यांत यंत्र किती वेळा चालवले तेही लिहावे, एकदाही चालवले नसेल तर तसेच लिहावे, त्यात लाजण्याचे कारण नाही. तुलनेसाठी तीही यंत्रे लागतील. वाचन चार अंकांपर्यंत असावे आणि यंत्राचा मॉडेल क्रमांक स्पष्ट असावा. आलेले आकडे दिवाळीच्या अंकात जसेच्या तसे छापू, आमच्या म्हणण्याविरुद्ध गेले तरी.