मेल्यावर तीस लाख, जिवंतपणी दोरखंडही नाही!



विहारात वंदनेनंतर, लग्नाच्या मांडवात किंवा नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर चार माणसे जमली की एक वाक्य हमखास ऐकू येते : "सरकारने आपल्यासाठी काय केले?" लगेच दुसरा कोणी तरी म्हणतो, "सरकारच्या नादी कशाला लागायचे? आपले आपण बघू." ही दोन्ही वाक्ये अर्धवट आहेत, असे माझे मत आहे. सरकारला मायबाप मानणारा हात जोडून बसतो, तर सरकारला शून्य समजणारा हात झटकून मोकळा होतो. दोघांकडूनही काम होत नाही.

परमपूज्य बाबासाहेबांचा मार्ग या दोन्हींहून वेगळा होता. महाडचा इतिहास आपण दरवर्षी 20 मार्चला ऐकतो, पण त्यातील कागदपत्रांचा भाग भाषणात सहसा येत नाही. रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मांडला आणि तो 4 ऑगस्ट 1923 रोजी मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. जानेवारी 1924 मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर सर्व काही झाले. प्रत्यक्षात मात्र तळ्याचे पाणी आपल्या माणसाच्या ओंजळीत आले नाही. 1926 मध्ये बोले यांना पुन्हा ठराव आणावा लागला : ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे अंमल करणार नाहीत, त्यांचे अनुदान रोखावे.

तेव्हा 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले. ते गेले ते सरकारच्याच ठरावाचा आधार घेऊन. पुढे 4 ऑगस्ट 1927 रोजी महाड नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. बोले यांच्या पहिल्या ठरावाला त्याच दिवशी चार वर्षे पूर्ण होत होती! मग कोर्टकचेरी झाली आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. ठरावापासून निकालापर्यंत साडेतेरा वर्षे गेली. सरकारचा ठराव होता म्हणून सत्याग्रहाला कायद्याचा आधार मिळाला आणि सत्याग्रह झाला म्हणून त्या ठरावाला अर्थ आला. सरकार आणि समाज यांचे नाते असे आहे. यातील एक बाजू गळाली की दुसरी लंगडी पडते.

पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेब स्वतः सरकारात बसले. 1946 मध्ये कारखान्यांतील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणणारे विधेयक त्यांनीच मांडले. सरकारकडून काय करून घेता येते हे त्यांना बाहेरूनही ठाऊक होते आणि आतूनही.

हे आज सांगण्याचे कारण म्हणजे आपल्या उपनगरात महाडचा तोच प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. तेव्हा तळे होते, आज मैल्याची टाकी आहे. तेव्हा ठराव होता आणि पाणी मिळत नव्हते. आज कायदा आहे आणि माणसे गुदमरून मरत आहेत.

घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीच्या अनेक वस्त्यांत, जुन्या सोसायट्यांत आणि सार्वजनिक संडासांत मैला सेप्टिक टँकमध्ये साठतो. टाकी भरली की कुणाला तरी बोलावतात. आत साठलेला वायू डोळ्यांना दिसत नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण त्याचे प्रमाण वाढले की नाकाला वास येणेच बंद होते. उतरणाऱ्याला वाटते, आता वास गेला, आता धोका नाही. पहिला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. म्हणून अशा बातमीत मृतांचा आकडा एकावर थांबत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. पहिला केंद्रीय कायदा 1993 चा. त्याचा भर कोरड्या संडासांवर होता. गटारे आणि सेप्टिक टँक यांना हात घालणारा कायदा 2013 मध्ये झाला आणि तो अंमलात आला 6 डिसेंबर 2013 रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी. सुरक्षा साधने न देता कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायद्यात 'कोणतीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी' असे शब्द आहेत. म्हणजे महानगरपालिका आली, कंत्राटदार आला, तशीच सोसायटीही आली. 27 मार्च 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर निकाल दिला. 1993 पासून अशा रीतीने मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, असा तो आदेश होता. 20 ऑक्टोबर 2023 रोजी त्याच न्यायालयाने ही रक्कम तीस लाख केली. जानेवारी 2025 मध्ये मुंबईसह सहा महानगरांत माणसाकरवी गटारसफाई बंद करण्याचा आदेश झाला.

कायद्याची आणि निकालांची फाईल अशी जाड आहे. मग अडते कुठे?

गोवंडीचे उदाहरण घ्या. 23 डिसेंबर 2019 रोजी तेथील एका गृहनिर्माण सोसायटीची सेप्टिक टाकी साफ करताना तीन कामगार मेले. 2013 चा कायदा होता, 2014 चा निकाल होता, तरी भरपाई घरपोच आली नाही. तिघांच्या विधवांना उच्च न्यायालयात जावे लागले. सप्टेंबर 2021 मध्ये न्यायालयाने आदेश दिला की मुंबई उपनगर जिल्हाधिकाऱ्यांनी प्रत्येकीला दहा लाख रुपये द्यावेत आणि मग सरकारने ते जबाबदार असणाऱ्यांकडून वसूल करावेत. कामाला लावणारा खाजगी होता म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही, हे या निकालाने स्पष्ट झाले. त्या तीन भगिनींनी आपल्या दुःखात हा मार्ग सर्वांसाठी मोकळा केला, याची नोंद आपल्या महिला मंडळांनी घेतली पाहिजे.

आता एक कारकुनी गोष्ट सांगतो, कारण माझा जन्म टेबलामागे गेला आहे. सरकारी कामात माणसाचे नशीब कोणत्या रकान्यात काय लिहिले यावर ठरते. जुलै 2021 मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय खात्याने राज्यसभेत उत्तर दिले की हाताने मैला उचलण्यामुळे कोणाचाही मृत्यू झाल्याची नोंद नाही. पुढच्याच महिन्यात त्याच खात्याने सांगितले की 1993 पासून गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना नऊशेहून अधिक माणसे मेली. दोन्ही उत्तरे कागदावर बरोबर! कारण एकाचा रकाना 'मैला उचलणे' आणि दुसऱ्याचा 'धोकादायक सफाई'. माणूस तोच, मैला तोच, रकाना फक्त बदलला. पोलीस ठाण्यातही 'अपघाती मृत्यू' एवढीच नोंद झाली, तर पुढे कायदा कोणता लावायचा हा प्रश्नच मिटतो आणि भरपाईचा कागद जागचा हलत नाही. म्हणून अशा प्रसंगी आपल्या कार्यकर्त्याने पहिले काम करावे ते हे : गुन्हा 2013 च्या कायद्याखाली नोंदवला आहे का ते पाहावे. मृत व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होतो का, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. प्रथम खबरी अहवालाची प्रत आणि शवविच्छेदनाचा अहवाल घरच्यांच्या हाती पडेपर्यंत ठाणे सोडू नये. मोर्चा नंतरही काढता येतो. पहिल्या दिवशी चुकलेली नोंद सुधारायला मात्र वर्षे लागतात.

सरकारला माझा प्रश्न सरळ आहे. मेल्यावर तीस लाख देण्याची तयारी असेल, तर जिवंतपणी यंत्राची गाडी, वायू तपासण्याचे उपकरण, कंबरेचा पट्टा आणि दोरखंड का नाही? बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल की हा हिशेब उलटा आहे. भरपाई हा सरकारी कामाचा शेवट असतो. सुरुवात तपासणीने झाली पाहिजे. कायद्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समितीची तरतूद आहे. ती किती वेळा बसते, तिने किती कंत्राटदारांवर कारवाई केली, हे वांद्र्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली विचारता येते. अर्जाची फी दहा रुपये आहे.

परंतु सरकारला विचारून झाल्यावर एक प्रश्न आपल्या घरातही विचारला पाहिजे. आपली पिढी चाळीतून, झोपडीतून इमारतीत आली. आज आपलेच लोक सोसायट्यांचे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आहेत. ही अभिमानाची गोष्ट आहे. फावल्या वेळात मी दोन-चार सोसायट्यांचे हिशेब लिहून देतो. मला पुढाऱ्यासारखे भाषण जमत नाही, पण व्हाऊचर वाचता येते. त्यात एक नोंद पुनःपुन्हा येते : 'टाकी सफाई, रोख.' ना माणसाचे नाव, ना कंत्राटदाराचा परवाना, ना यंत्राचा उल्लेख. आपण कोणाला आत उतरवले, हे आपल्याच वहीत नाही. टाकी तुंबली की घरातील बायका हैराण होतात, घाई होते, नाक्यावरून कोणी तरी माणूस आणतो, आणि स्वस्तात काम झाले म्हणून सभेत समाधान व्यक्त होते. उद्या तो माणूस वर आला नाही, तर कायद्यासमोर उभे राहावे लागेल ते आपल्याच सेक्रेटरीला. आणि कायद्याचे सोडा. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पाठीवरून जे काम आपण उतरवले, ते पन्नास रुपये वाचवण्यासाठी दुसऱ्या गरिबाच्या पाठीवर ठेवायचे काय? बाबासाहेबांनी आपल्याला इमारतीत आणले ते यासाठी नव्हे.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. येत्या सर्वसाधारण सभेत प्रत्येक सोसायटीने एक ठराव करावा : आमच्या टाकीत माणूस उतरणार नाही. टाकी भरण्याआधीच वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज करावा, यंत्राची गाडी मागावी, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. खाजगी गाडी बोलावलीच तर बिलावर कंत्राटदाराचे नाव, पत्ता आणि 'यंत्राने सफाई' हे शब्द असल्याशिवाय खजिनदाराने पैसे देऊ नयेत. वस्तीतील सार्वजनिक संडासाच्या टाकीत कोणी उतरताना दिसला तर तेथेच थांबवावे आणि महानगरपालिकेच्या 1916 क्रमांकावर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. विहाराच्या फळ्यावर जयंतीच्या वर्गणीची यादी लागते, तिच्या शेजारी या तक्रारींची यादीही लागू द्या.

1923 चा ठराव चार वर्षे फायलीत पडून राहिला आणि शेवटी लोकांनाच तळ्यावर जावे लागले. 2013 चा कायदाही आपोआप टाकीच्या तोंडाशी येऊन उभा राहणार नाही. सरकारने कायदा केला, न्यायालयाने निकाल दिला. झाकण उघडते त्या क्षणी तेथे सरकारही नसते आणि न्यायालयही नसते, तेथे आपण असतो. "थांब, उतरू नकोस," एवढे आपण म्हणालो तरी एका घरचा कर्ता संध्याकाळी जिवंत परत जाईल.

जयभीम.