कुणाच्या खिडकीखाली

कांजूरमार्ग पूर्वेला घर बघायला येणाऱ्यांना एजंट हमखास दुपारी आणतो. त्या वेळी इथली हवा छान असते. पूर्वेच्या खिडकीतून खाडी दिसते, पलीकडे ऐरोली, आणि हिवाळ्यात नशीब असेल तर फ्लेमिंगोंचा गुलाबी पट्टा. व्यवहार होतो. मग एखाद्या रात्री दीड-दोनला नवा रहिवासी अंथरुणात उठून बसतो, सिलिंडरचं बटण तपासतो, बाथरूमची जाळी हुंगून येतो. सकाळी शेजारच्या काकू सांगतात, "अहो, डम्पिंग आहे ते. खिडकी लावून घेत जा."

दिवसा वारा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो आणि वास खाडीवर ढकलतो. रात्री जमीन गार झाली की वारा फिरतो. हिवाळ्यात तर तो पूर्वेकडून येतोच, शिवाय हवेचा थंड थर जमिनीलगत दबून बसतो आणि काही वर जाऊ देत नाही. काकूंनी हवामानशास्त्र शिकलेलं नाही, पण धुणं कधी काढायचं आणि नातवाच्या खोलीची खिडकी कधी लावायची, हे त्यांना तोंडपाठ आहे.

मुंबईत रोज साधारण साडेसहा हजार टन कचरा निघतो. त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास एकट्या कांजूरला येतो. कुलाब्याचे माशांचे काटे, दहिसरचा शहाळ्यांचा चोथा, वांद्र्याच्या हॉटेलातलं उरलेलं अन्न, सगळं द्रुतगती महामार्गाने आमच्या दारात. इथलं तंत्र 'बायोरिॲक्टर' म्हणून ओळखलं जातं. जमिनीवर अस्तर घालायचं, कचरा कप्प्याकप्प्याने रचायचा, त्यातून झिरपणारं काळं पाणी गोळा करून पुन्हा त्याच ढिगावर सोडायचं म्हणजे कुजणं लवकर उरकतं, आणि तयार होणारा वायू नळ्यांनी ओढून घ्यायचा. देवनारच्या उघड्या डोंगरापेक्षा हे कितीतरी बरं, आणि मी त्या तंत्राला नावं ठेवणार नाही. पण नळ्यांचा आणि वरच्या पांघरुणाचा वेग येणाऱ्या गाड्यांच्या वेगाला पुरा पडला पाहिजे. ओलं-सुकं एकत्र कालवलेला कचरा रोज हजारो टनांनी, भर पावसातही येत राहिला, तर कुठलंही तंत्र धापा टाकणारच.

आता हा वास मोजायचा कुणी? आपल्या हवा गुणवत्ता निर्देशांकात आठ प्रदूषकं मोजली जातात. धूलिकणांचे दोन प्रकार, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. कुजक्या अंड्यासारखा ज्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड या यादीत नाही. त्यामुळे नाकाला रुमाल लावून मोबाइल बघावा, तर पडद्यावर हिरव्या रंगात 'समाधानकारक' लिहिलेलं असू शकतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने दुर्गंधीवर २००८ मध्ये एक मार्गदर्शिका काढली, पण मार्गदर्शिका दाखवून कुणाला दंड करता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने या वायूसाठी दोन आकडे दिले आहेत. प्रकृतीला अपाय होऊ नये म्हणून चोवीस तासांच्या सरासरीत घनमीटरला १५० मायक्रोग्रॅम, आणि नुसता वासाचा जाच होऊ नये म्हणून अर्ध्या तासाच्या सरासरीत ७. दोन्हींत वीसपटीहून जास्त अंतर. या अंतरात राहणाऱ्या माणसाची झोपमोड होते, त्याला मळमळतं, कपाळ ठणकतं, पोर दूध पीत नाही, आणि तरी कागदावर तो सुखरूप असतो. डॉक्टरकडे गेलं तर डोकेदुखीची गोळी मिळते. केस पेपरवर 'वास' असा आजार लिहायची सोय नसते.

चांदी मात्र खोटं बोलत नाही. या वायूने ती काळी पडते. आमच्याकडच्या बायका देव्हाऱ्यातली निरांजनं ज्या हिशेबाने घासतात, तो ऐकून ठाण्याच्या माझ्या वहिनीला आश्चर्य वाटलं. मालाडला चिंचोली बंदरची जुनी कचराभूमी बंद झाली आणि तिथे काचेची ऑफिसं आली, तेव्हा तिथले संगणक भराभर बिघडू लागले. कचऱ्यातून निघणारे वायू तांबं-चांदीचे जोड खातात, असं निष्पन्न झालं आणि त्याच्या मोठाल्या बातम्या आल्या. यंत्रं बिघडली की नुकसान रुपयांत मांडता येतं. काकूंच्या झोपेचं बिल कुणाला लावायचं?

मुळात हे सगळं आमच्याकडे आलं कसं, तेही बघण्यासारखं आहे. देवनारला कचरा पडू लागला १९२७ मध्ये, तेव्हा ते शहराबाहेर होतं. पुढे शहराने नको असलेली माणसंही तिथेच नेऊन टाकली. गोराई २००७ मध्ये बंद झालं. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला आग लागली, धूर शहरभर पसरला, आणि त्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने नव्या बांधकामांवरच बंदी घातली. कचरा टाकायला धड जागा नाही तर नवी घरं कशाला, इतका सरळ प्रश्न. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी सैल केली आणि शहर पुन्हा उंच वाढायला मोकळं झालं. त्याच वर्षी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, मुलुंडचं डम्पिंग बंद झालं. हरिओम नगरजवळ राहणारा माझा मामेभाऊ फोनवर म्हणाला, "सुटलो बाबा एकदाचे." मी विचारलं, "मग आता कचरा कुठे जाणार रे?" तो हसला. त्याला ठाऊक होतं, मी कुठे राहतो ते.

कांजूरच्या जमिनीची कागदोपत्री कथा तर आणखी रंगतदार. खाडीकाठची ही जागा जुलै २००८ मध्ये संरक्षित वन म्हणून जाहीर झाली. डिसेंबर २००९ मध्ये सरकारने सांगितलं की ती चूक होती, आणि ११९.९१ हेक्टर त्यातून काढून टाकले. तिवरं मात्र ही दुरुस्ती न वाचताच वाढत राहिली. 'वनशक्ती' ही संस्था २०१३ मध्ये न्यायालयात गेली. निकाल आला २ मे २०२५ रोजी. न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी आणि न्यायमूर्ती सोमशेखर सुंदरेसन यांच्या खंडपीठाने २००९ ची अधिसूचना रद्द केली, जमीन संरक्षित वनच आहे असं सांगितलं, आणि ती पूर्ववत करायला तीन महिने दिले. आमच्या नाक्यावर त्या संध्याकाळी काहींनी वडापाव वाटले. पण ती मुदत संपता संपता, १ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाने निकालाला स्थगिती दिली. एवढा कचरा तीन महिन्यांत न्यायचा कुठे, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं, हे मान्य करायला हवं.

न्यायचा कुठे, हा प्रश्न मला निकालाहून मोठा वाटतो. अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये १९७९ साली लिंडा मॅककीव्हर बुलार्ड या वकीलबाईंनी एका कचराभूमीविरुद्ध खटला लढवताना आपल्या समाजशास्त्रज्ञ नवऱ्याला कामाला लावलं. रॉबर्ट बुलार्ड विद्यार्थ्यांना घेऊन शहराच्या जुन्या नोंदी चाळू लागले. शहरात कृष्णवर्णीय साधारण पाव हिस्सा, पण नगरपालिकेच्या मालकीच्या पाचही कचराभूमी त्यांच्या वस्त्यांत, आणि आठपैकी सहा कचरा-भट्ट्याही तिथेच. खटला ते हरले. पण 'पर्यावरणीय न्याय' या नावाने जी चळवळ आज ओळखली जाते, तिच्या पायात तो नकाशा आहे. आपल्याकडे असा नकाशा काढायला विद्यार्थी लागणार नाहीत. कचरा उचलणारे हात कुठल्या समाजाचे आणि ढिगाशेजारची झोपडी कुणाची, हे इथे कुणी विचारतही नाही, इतकं ते गृहीत आहे.

कांजूर-विक्रोळीची गोष्ट थोडी वेगळी आहे, हे खरं. कन्नमवार नगरात म्हाडाच्या चाळवजा इमारतींत कामगार, कारकून, शिक्षक राहिले. आता तिथे पुनर्विकासाचे टॉवर आलेत, जुन्या कारखान्यांच्या जागी संकुलं उभी राहिलीत. खरं सांगायचं तर वासाच्या विरोधातला आवाज मोठा झाला तो महागड्या फ्लॅटांबरोबर. गोवंडीच्या शिवाजीनगरात पिढ्यानपिढ्या लोक खोकत होते, तेव्हा वर्तमानपत्रांना इतकी जाग नव्हती. आम्ही ओरडतो ते योग्यच आहे, फक्त ओरडायची ताकद आम्हाला कुठून मिळाली ते विसरू नये.

आणि आता ज्यांच्याकडे ती ताकद नाही, त्यांना इथे आणायचं घाटतंय. धारावीच्या पुनर्विकासात जे 'अपात्र' ठरतील, त्यांच्या घरांसाठी कांजूर, भांडुप आणि मुलुंडच्या मिठागरांची २५५.९ एकर जमीन द्यायला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. देवनारच्या कचराभूमीची १२४ एकर जागाही त्याच कामासाठी. माहुलला रिफायनऱ्यांच्या कुशीत प्रकल्पग्रस्तांना नेऊन ठेवल्यावर काय झालं, ते उच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आदेशातून सर्वांनी वाचलेलं आहे. धारावीतल्या ज्या माणसाने आयुष्यभर शहराचं प्लॅस्टिक वेचून, निवडून, वितळवून कचरा कमी केला, त्याला 'अपात्र' ठरवून उरलेल्या कचऱ्याशेजारी घर द्यायचं. हे सुचायलाही डोकं लागतं.

म्हणून 'डम्पिंग हटाव'चा फलक हातात घेताना मी अडखळतो. पुढचं नाव अंबरनाथ तालुक्यातल्या करवल्याचं घेतलं जातं. तिथे आमच्याइतके वकील नाहीत. त्यापेक्षा ज्या वॉर्डातला ओला कचरा त्या वॉर्डात जिरवावा, हा जुना आणि कंटाळवाणा उपाय मला पटतो. नियमही आहे. वीस हजार चौरस मीटरहून मोठ्या किंवा रोज शंभर किलोहून जास्त कचरा करणाऱ्या संकुलांनी ओला कचरा आवारातच जिरवायचा, असं महापालिकेने २ ऑक्टोबर २०१७ पासून ठरवलं. ओलं कुजणारं इथे आलंच नाही तर वायू कशाचा होणार? रात्री वास घेणारं एखादं यंत्र आमच्या इमारतींवर बसवावं आणि त्याचा आकडा महामार्गावर फलकावर लावावा, हीही माझी मागणी आहे. निदान कुलाब्याला जाणाऱ्यांनी तरी वाचावा.

आमच्या सोसायटीला तो नियम लागू होत नाही, तरी मी वार्षिक सभेत खताच्या ड्रमचा विषय काढला. दोन ड्रम, थोडा भुसा, आठवड्यातून एकदा ढवळणं. सगळ्यांना पटलं. डम्पिंगविरोधी मोर्चात पुढे असणारे काका म्हणाले, "केलंच पाहिजे, आपण सुरुवात करू." मग ड्रम ठेवायचे कुठे, यावर चर्चा अडली. ए विंगखाली नको, तिथे ज्येष्ठ नागरिक बसतात. बी विंगखाली नको, तळमजल्यावर लहान मूल आहे. गेटजवळ नको, पाहुण्यांना काय वाटेल. वास येतो हो, असं तीन-चार जण एका सुरात म्हणाले. शेवटी सेक्रेटरींनी तोडगा काढला, आणि ठराव एकमताने मंजूर झाला. ड्रम वॉचमनच्या केबिनमागे ठेवावेत. तो रात्री तिथेच झोपतो, पण त्याला सभेत मत नाही.