कोइम्बतूरला जमलं, सोलापूरला का नाही?

गेल्या वर्षी एका लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी अकरा वर्षांचा एक पोरगा बसला होता. त्याचे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टर्नर आहेत. वाढप्यानं सहज विचारलं, "मोठेपणी काय होणार रे?" पोरगा म्हणाला, "रेसर." अख्खी पंगत हसली. समोरचे एक काका म्हणाले, "सोलापूरच्या पोरानं गाडीच चालवायची तर पुण्याची ट्रॅव्हल्स चालवावी. रेसिंग म्हणजे बड्या बापांच्या पोरांचा नाद." पोरानं मान खाली घातली आणि ताटातली जिलबी मोडत बसला. त्यानंतर त्यानं तोंड उघडलं नाही.

ते हसू मला अजून सलतं. काकांच्या बोलण्याला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही, ते इथे देतो.

त्यांचा मुख्य आक्षेप पैशाचा होता आणि तो खोटा नाही. कार्टिंगचा एक हंगाम नीट खेळायचा तर टायर, इंजिन, मेकॅनिक, प्रवास आणि प्रवेशशुल्क मिळून खर्च लाखांत जातो. पुढे युरोपात गेलं की कोटींचे आकडे सुरू होतात. मुंबईचा जेहान दारूवाला २०११ साली फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघाच्या 'वन फ्रॉम अ बिलियन' शोधमोहिमेत निवडला गेला. डिसेंबर २०२० मध्ये साखीरला त्यानं फॉर्म्युला टू मधली पहिली शर्यत जिंकली. एवढी गुणवत्ता असूनही त्याला वरच्या पायरीचं, म्हणजे फॉर्म्युला वनचं (एफ-वनचं) दार उघडलं नाही. त्या दाराशी वेगाइतकाच पैसाही मोजला जातो, हे जगजाहीर आहे. कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश एफ-थ्री मध्ये डबल आर संघाकडून धावला, त्याच्यामागेही घरचं पाठबळ होतं. इथवर काका बरोबर आहेत.

पण यावरून 'म्हणून सोलापूरच्या पोरानं स्वप्न पाहू नये' हा निष्कर्ष कसा निघतो? पैसा लागतो एवढंच यातून सिद्ध होतं. तो कुठून आला आणि कशावर खर्च झाला, हे पाहिल्याशिवाय निकाल देता येत नाही. त्यासाठी आपल्यासारखंच एक गाव तपासू.

कोइम्बतूर. कापसाच्या काळ्या जमिनीच्या आधारानं उभं राहिलेलं गिरण्यांचं शहर. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ ची, कोइम्बतूरची लक्ष्मी मिल १९१० ची. म्हणजे भोंगा आपल्याकडे आधी वाजला. गिरणी म्हटली की फिटर आले, टर्नर आले, ओतशाळा आल्या, यंत्राचा आवाज ऐकून बिघाड सांगणारे मेस्त्री आले. हे सगळं दोन्ही गावांत होतं. फरक पुढे पडला. लक्ष्मी मिलच्या घराण्यातला एस. करिवर्धन नावाचा माणूस मोटारींच्या शर्यतीनं झपाटलेला होता. तो परदेशी गाड्या आणून मिरवत बसला असता, तर त्याचं नाव आज कुणाला ठाऊक नसतं. त्यानं वर्कशॉप काढलं आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी मारुती ८०० चं इंजिन बसवून एक छोटी, एकआसनी रेसिंग कार बनवली. फॉर्म्युला मारुती. रस्त्यावर जे इंजिन भाजी आणायला जात होतं, तेच इंजिन. सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळायचे आणि बिघाड झाला तर गावचा मेस्त्री दुरुस्त करायचा. शर्यतीत उतरण्याचा खर्च त्यामुळे एकदम खाली आला.

त्याच गावचा नारायण कार्तिकेयन पंधरा-सोळा वर्षांचा असताना श्रीपेरुंबुदूरच्या ट्रॅकवर पहिल्यांदा फॉर्म्युला मारुतीत बसला आणि पहिल्याच शर्यतीत पहिल्या तिघांत आला. मग फ्रान्समधली रेसिंग शाळा, ब्रिटनमधली फॉर्म्युला फोर्ड, १९९६ साली फॉर्म्युला एशियाचं विजेतेपद, २००५ साली जॉर्डन संघातून एफ-वन. त्याच वर्षी अमेरिकेच्या ग्रां प्रीत टायरच्या वादामुळे सहाच गाड्या धावल्या. त्यात तो चौथा आला आणि एफ-वनमध्ये गुण मिळवणारा पहिला भारतीय ठरला. त्याचे वडील नामांकित रॅली ड्रायव्हर होते, घर खाऊन-पिऊन सुखी होतं, हे मी लपवत नाही. पण खाऊन-पिऊन सुखी घरं सोलापुरातही होती आणि आहेत. त्या घरांतल्या कुणा पोरासाठी गावात फॉर्म्युला मारुती नव्हती, एवढाच फरक.

करिवर्धन १९९५ साली विमान अपघातात गेला. कोइम्बतूरजवळचा २.१ किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे २००३ साली त्याच्या नावानं उभा राहिला. आपल्याकडे त्या दशकांत गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या. कामगारांची देणी, गिरण्यांच्या जागा, कोर्टकचेऱ्या यांत गावाचा जीव अडकला होता. अशा गावाला रेसिंग सुचलं नाही, यात त्याचा दोष नाही. पण न सुचलेली गोष्ट जमणारीच नव्हती, असं म्हणणं वेगळं. मला ते मान्य नाही.

नारायणच्या गोष्टीतला एक तुकडा आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. २०१० साली तो अमेरिकेत नॅसकारच्या ट्रक मालिकेत उतरला. मार्टिन्सव्हिलच्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर, पहिल्याच शर्यतीत, तेरावा आला. त्या वर्षी प्रेक्षकांनी त्याला त्या मालिकेतला सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर म्हणून निवडलं. नॅसकार ही स्टॉक कारची दुनिया आहे, आणि मला सोलापूरसाठी युरोपच्या एफ-वनपेक्षा तीच जास्त जवळची वाटते. स्टॉक कार म्हणजे मुळात कारखान्याच्या साठ्यातून निघालेली, तुमच्या-आमच्यासारख्यांनी विकत घ्यायची साधी गाडी. आज नॅसकारच्या गाड्या खास बनवलेल्या असतात, पण मुळं तिथली आहेत. १९ जून १९४९ रोजी शार्लटला नॅसकारच्या साध्या गाड्यांच्या मालिकेतली पहिली शर्यत झाली. ग्लेन डनअवे पहिला आला. तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगा बदललेल्या निघाल्या. चोरटी दारू वाहून पोलिसांना हुलकावणी देणाऱ्या गाड्यांना तसल्या स्प्रिंगा असत. त्याला बाद केलं आणि कॅन्ससहून आलेल्या जिम रोपरला विजेता ठरवलं. त्या खेळाची सुरुवात ही अशी, गावठी गॅरेजांतून झाली.

वेंडेल स्कॉट हा त्याच मालिकेतला कृष्णवर्णीय ड्रायव्हर. आधी टॅक्सी चालवायचा, स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करायचा. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिलला त्यानं शर्यत जिंकली, तरी विजयाचा मान आधी दुसऱ्यालाच दिला गेला. चूक नंतर मान्य झाली. आणि अगदी अलीकडचा रजाह करूथ. या पोराच्या घरात रेसिंगची परंपरा नव्हती. तो संगणकावर, सिम्युलेटरवर रेसिंग शिकला, तिथल्या निकालांवर त्याला वंचित गटांसाठीच्या कार्यक्रमात जागा मिळाली, मग खऱ्या गाडीत बसला आणि मार्च २०२४ मध्ये लास व्हेगासला नॅसकारची ट्रक शर्यत जिंकली. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. पंगतीतल्या काकांना मी हे नाव सांगायला हवं होतं. त्याच्या हातात आधी पैसा आला नाही, आधी पायरी आली, मग त्या पायरीवर त्याला पाहून पैसा आला.

आणि साध्या गाड्यांचं म्हणाल, तर सोलापूरला त्यांच्याशी नातं नाही असं कोण म्हणेल? वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरातच जन्मले. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिथून निघालेल्या फियाट आणि पुढच्या पद्मिनी या आपल्या देशाच्या खऱ्या स्टॉक कार. चेन्नईजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली जुनी धावपट्टी होती, तिथे वर्षानुवर्षं शर्यती भरल्या आणि त्यांत याच फियाट धावल्या, गॅरेजात उघडून, हलक्या करून, इंजिन घासून-पुसून. सोलापूरच्या माणसानं काढलेल्या कारखान्यातल्या गाड्यांवर दुसऱ्या गावांची पोरं रेसिंग शिकली. आणि आपण आपल्याच पोराला 'हे आपलं नव्हे' म्हणून सांगतो.

"पण हा खेळच नाही, गाडी पळते, माणूस नुसता बसलेला असतो," हेही ऐकावं लागतं. हे नुसतं पंगतीतलं बोलणं नाही. २००९ साली केंद्रीय क्रीडा मंत्रालयानंही एफ-वन हा खेळ नसून करमणूक आहे, अशीच भूमिका घेतली होती. करमणूक कराचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ग्रेटर नोएडात २०११ ते २०१३ अशा तीन एफ-वन शर्यती झाल्या आणि मग त्या थांबल्या. त्याच सरकारी व्यवस्थेनं २०१९ साली रॅली ड्रायव्हर गौरव गिलला अर्जुन पुरस्कार दिला, मोटारस्पोर्टमधला पहिला. म्हणजे दहा वर्षांत सरकारनं आपलं मत बदललं. आपण का बदलू नये?

आमच्या जिल्ह्यात बैलगाडा शर्यतीवरची बंदी उठावी म्हणून लोक अनेक वर्षं कोर्टात लढले. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या शर्यतींना मुभा देणारा कायदा मान्य केला तेव्हा गावोगाव गुलाल उधळला. तिथे कुणी म्हणालं का, की बैल पळतात, गाडीवान नुसता उभा असतो? गाडीवानाचा हात, आवाज, सुटण्याच्या क्षणाची नजर ज्यांनी पाहिली आहे त्यांनाच गाडीमागच्या माणसाचं मोल कळायला हवं. उन्हाळ्यात स्टॉक कारच्या आत पन्नास अंशांच्या वर तापमान जातं. ड्रायव्हर तीन-चार तास तसाच बसतो आणि अंगातलं काही लिटर पाणी घामावाटे गमावतो. कार्टला पॉवर स्टिअरिंग नसतं, दहा मिनिटांत पोरांचे दंड भरून येतात. फोक्सवॅगननं २०१० पासून भारतात पोलो कप भरवला, त्यात सगळ्यांना सारख्याच गाड्या. तरीही काही जण पुढे आणि बाकीचे मागे. सारख्या गाडीत हा फरक कुठून येतो, ते माणसाकडे पाहिल्याशिवाय कळायचं नाही.

धोक्याचा आक्षेप मात्र मी हलक्यानं उडवणार नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईच्या ट्रॅकवर मोटारसायकल शर्यतीत तेरा वर्षांचा मुलगा गेला. त्याच वर्षी जानेवारीत तिथेच ५९ वर्षांचे अनुभवी के. ई. कुमार गेले. २०१९ साली राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात, रॅलीसाठी बंद केलेल्या रस्त्यावर मोटारसायकल आली आणि एकाच घरातली तीन माणसं दगावली. या मरणांचा हिशेब संयोजकांनी द्यायलाच हवा. पोराला ट्रॅकवर सोडण्याआधी कुठल्याही आईबापानं संयोजकांना खोदून खोदून विचारावं. अ‍ॅम्ब्युलन्स कुठे आहे, डॉक्टर कोण, कठडा कसला, झेंडे दाखवणारी माणसं शिकलेली आहेत का.

पण सोलापूरची पोरं आज वेगापासून लांब आहेत, असं समजू नका. रात्री अकरानंतर पुणे रोडला, हैदराबाद रोडला जाऊन उभं राहा. सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली, एकेका गाडीवर तिघं, हेल्मेट एकाच्याही डोक्यावर नाही. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली आणि त्यांतली सुमारे ७१ टक्के मरणं अतिवेगाच्या खात्यात नोंदली गेली. ट्रॅक झाला की हे थांबेल, असा दावा मी करत नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण ट्रॅकवर पहिल्या दिवशी पिवळा झेंडा शिकवतात. पिवळा दिसला की वेग कमी करायचा, ओव्हरटेक करायचं नाही. कितीही घाई असली तरी नाही, आणि मोडलं तर शिक्षा. रस्त्यावर हा धडा या पोरांना कोण देतं?

आणि हे नुसतं पोरांचं नाही, पोरींचंही आहे. पुण्याच्या डायना पुंडोले या दोन मुलांची आई. २०२४ साली त्यांनी चेन्नईला पुरुषांच्या बरोबरीनं उतरून सलून गाड्यांचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मिश्र गटातली अशी पहिली महिला. सलून म्हणजे पुन्हा तुमची-आमचीच गाडी, शर्यतीसाठी तयार केलेली. पुण्याचेच संजय टकले आशिया-पॅसिफिकच्या रॅली खेळत खेळत २०२५ साली डाकार क्लासिकच्या वाळवंटात गेले. दोघांचंही शहर सोलापूरहून रेल्वेनं चार-पाच तासांवर.

कोल्हापूर तर आणखी जवळचं. तिथल्या मोहिते कुटुंबानं कार्टिंगचा ट्रॅक उभा केला. राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या तिथे झाल्या आणि ध्रुव मोहितेसारखी मुलं त्या मातीतून फोक्सवॅगनच्या शर्यतीपर्यंत गेली. म्हणजे मराठी मुलखात, उसाच्या पट्ट्यात, कुस्तीच्या गावात हे जमतं, हे सिद्ध झालेलंच आहे. कुस्तीवरूनच सांगतो. आमच्या साखर कारखान्यांनी मल्लांना मानधनावर पोसलं, खुराकाची सोय केली, अकलूजसारख्या गावांत मोठी मैदानं भरवली. तेव्हा कुणी विचारलं नाही की मल्लाच्या खुराकाला पैसा कशाला. त्या खर्चाचा कुठल्याही सभासदाला कमीपणा वाटला नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. चिंचोळी एमआयडीसीसारख्या जागी किलोमीटरभराची डांबरी वळणवाट, टायरांचा आणि लोखंडी कठड्यांचा बंदोबस्त, वेळ मोजायची यंत्रणा, एक डॉक्टर, आणि मोटारस्पोर्ट महासंघाच्या नियमांप्रमाणे परवानगी. दहा-बारा भाड्याची कार्ट. कार्टची देखभाल गावातली मेस्त्री मंडळी आणि इंजिनीअरिंग कॉलेजांची पोरं करतील. ही पोरं बाहासारख्या स्पर्धेसाठी स्वतःच्या हातानं गाड्या वेल्ड करतात, मग स्पर्धा संपली की ती गाडी कॉलेजच्या शेडमध्ये गंजत पडते. आणि वर्षाला दोन पोरांचा हंगाम उचलणारा एखादा कारखाना, सूतगिरणी किंवा चादरीचा कारखानदार. दोनच पोरांचा.

पंगतीतल्या पोराच्या वडिलांना मी परवा फोन केला. कोल्हापूरच्या ट्रॅकवर दोन तास कार्ट भाड्यानं घेऊन चालवायची, एवढंच ठरलं. रत्नागिरी-नागपूर हायवेनं मंगळवेढा, सांगली करत कोल्हापूर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. ते म्हणाले, "रविवारी माझी सुट्टी आहे, पण पहाटे चारला निघावं लागेल." मागून पोराचा आवाज आला, "तीनला निघू."