मापून दिलेली वीज

वाशीमसारख्या ठिकाणीं घरांतील एखाद्या मुलास वा मुलीस विजेच्या उपकरणांच्या खटपटीचा नाद लागला, कीं वडील मंडळी धास्तावतात. ती धास्ती अनाठायीं नव्हे; भिंतींतील २३० व्होल्टांशीं खेळ म्हणजे प्राणाशीं गांठ. तथापि नाद मोडूं नये. मोजकाच वीजपुरवठा करणारा लहानसा संच त्यांस बांधूं द्यावा, असें आम्हांस वाटतें.

२३० व्होल्टांचा भाग बंदिस्त, प्रमाणित अ‍ॅडॉप्टरवर सोंपवावा व पुढील २४ व्होल्टांपासून आरंभ करावा. एलएम ३१७ हा १९७६ सालीं निघालेला तीन पायांचा नियामक दोन रोधकांच्या प्रमाणानें १.२५ व्होल्टांपासून वर हवा तो दाब स्थिर राखतो. त्याच्या आधीं तसाच दुसरा नियामक १२ ओमच्या रोधकासह जोडला, कीं प्रवाह सुमारें १०० मिलिअँपिअरपुढें जात नाहीं. जोडणी चुकली तरी बहुधा भाग वांचतात. उष्णता काढून घेण्यास प्रत्येकास अ‍ॅल्युमिनियमची स्वतंत्र पट्टी मात्र हवी.

अशा संचांचे आराखडे अनेक कर्त्यांनीं सर्वांस खुले केले आहेत. संच बिघडला तरी तो फेंकावा लागत नाहीं. आराखडा पाहून दोष घरींच शोधतां येतो, आणि शोधतां शोधतां विद्या अंगीं मुरते. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं पुणें जिल्ह्यांत पाबळ येथें विज्ञान आश्रम स्थापिला, तोही हातानें करीत शिकावें याच विचारानें. आमच्या घरांत मात्र लोणच्याचें प्रमाणसुद्धां शेजारणीपासून लपविण्याची जुनी खोड! मुलांनीं आपला संच शेजारच्या मुलांपुढें उघडून दाखविला, तर ती त्यांच्याच हातून सुटेल.