पर्यावरण खाते आणि आपला हंडा



डिसेंबर २०२४ मध्ये राज्याचे पर्यावरण व वातावरणीय बदल खाते पंकजा मुंडे यांच्याकडे आले. त्यावर बायकांच्या बैठकांत दोन तऱ्हेचे बोलणे निघते. 'बाई आहे, बाईचे दुःख तिला कळेल' हे एक. 'मोठ्या घरची लेक, तिला काय कळतंय' हे दुसरे. खुर्चीवर बसून या बाईने काय केले, ही चौकशी दोन्ही बोलण्यांत राहून जाते.

घराण्याचा भाग खराच आहे. २००९ साली त्या परळीतून पहिल्यांदा आमदार झाल्या. वडील गोपीनाथ मुंडे केंद्रात ग्रामविकास मंत्री झाले आणि आठच दिवसांत, ३ जून २०१४ रोजी, अपघातात गेले. ऑगस्टमध्ये पंकजाताईंनी संघर्ष यात्रा काढली, ती आपल्या वऱ्हाडातल्या सिंदखेडराजाहून. जिजाऊंच्या जन्मगावाहून निघून अहिल्याबाईंच्या चौंडीला पोचायचे, असा तो मार्ग होता. वारसा बापाचा आणि आधार दोन थोर बायकांचा. राजकारणात बाईला उभे राहायला किती टेकू लागतात पाहा. पुरुष वारसदाराला एवढे कोणी विचारत नाही.

२०१४ च्या सरकारात त्यांच्याकडे ग्रामविकास, महिला व बालविकास आणि जलसंधारण ही खाती आली. खेड्यातल्या बाईचा सगळा दिवस या तीन खात्यांत मावतो. पाणी, अंगणवाडी, ग्रामपंचायत, बचत गट हे सारे एका मंत्र्याच्या हाती, आणि तीही बाई, असा योग क्वचित येतो. तो टिकला नाही. जुलै २०१६ मध्ये जलयुक्त शिवारचे काम जोरात असताना जलसंधारण काढून राम शिंदे यांना दिले गेले. पंकजाताईंनी नाराजी उघड केली. पक्षातल्या रुसव्याफुगव्याची बातमी म्हणून ती छापली गेली आणि विसरली गेली.

आपल्याकडे त्या खात्याचे मोल वेगळे आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा मिळून सुमारे नऊशे गावे खारपाणपट्ट्यात येतात. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या भागांत विहीर खोल नेली तरी गोड पाणी लागेलच असे नाही. तिथे पावसाचे पाणी वरच्या वर, शेततळ्यात अडवावे लागते. पिण्याचे पाणी वानवरच्या ८४ खेडी किंवा काटेपूर्णेवरच्या खांबोरा ६४ खेडी अशा योजनांतून येते. नळ आठवडा आठवडा कोरडा राहिला की हंडा कोणाच्या डोक्यावर येतो, हे या पानावर सांगायला नको. किडनीचा रोगी घरात असला तर त्याची उठबसही तिच्याकडेच.

महिला व बालविकास खात्याचा हिशेबही मांडायला हवा. या खात्याने २०१६ साली अंगणवाडीच्या पोषण आहाराची ६,३०० कोटींच्या घरातली कंत्राटे काढली. अटी अशा होत्या की मोठे उत्पादक आत आणि गावचे बचत गट बाहेर. गटच न्यायालयात गेले आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रक्रिया रद्द केली. याच काळात, २०१८ च्या महिला दिनी, मुलींना स्वस्तात सॅनिटरी पॅड देणारी अस्मिता योजना सुरू झाली आणि तिची विक्री गटांकडेच दिली गेली. एका हाताने गटांना काम दिले, दुसऱ्या हाताने त्याहून कितीतरी मोठे काढून घेतले जात होते. दुष्काळात मांजरा नदीच्या कामावर काढलेल्या सेल्फीवरून मंत्रीबाईंची जेवढी चेष्टा झाली, त्याच्या चौथाईनेही या कंत्राटांवर कोणी बोलले नाही. बाईचा फोटो सोपा, निविदा वाचायला अवघड.

पुढे २०१९ ची विधानसभा आणि २०२४ ची लोकसभा, दोन्हीकडे हार. मग विधान परिषद आणि आता पर्यावरण.

केनियात वांगारी मथाई बायकांच्या गटांकडून झाडे लावून घेता घेता तुरुंगात गेल्या आणि २००३ साली पर्यावरण खात्याच्या सहायक मंत्री झाल्या. पुढच्या वर्षी नोबेल मिळाले, तरी त्या खात्यात त्या सहायकच राहिल्या. पण त्यांच्यामागे चळवळ होती. आपल्या मंत्रीबाईंमागे पक्ष आहे. गट आपल्याकडे आहेत.

या खात्याकडून मागायचे काय? हंड्याचे पाणी त्याच्या कक्षेत येत नाही, ते पाणीपुरवठ्याचे काम. फवारणीचे विष कृषी खात्याकडे. पण पारसच्या वीज केंद्राची राख आणि कारखान्यांचे सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अखत्यारीत येते, आणि मंडळ या खात्याचे. ज्या प्रकल्पाला जनसुनावणी लागते तिथे २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना द्यावी लागते. अहवालाचा मराठी सारांश आधी उपलब्ध असावा लागतो. लेखी हरकत चालते. शेवटी कामकाजाचा गोषवारा सगळ्यांसमोर मराठीत वाचून दाखवावा लागतो. आपल्या किती गटांना हे ठाऊक आहे? सूचना ज्या वर्तमानपत्रात येते ते बाईच्या हाती पडत नाही, आणि दुपारची सुनावणी म्हणजे निंदणाची मजुरी बुडाली.

म्हणून पहिली मागणी साधी ठेवू. सूचना अंगणवाडीत आणि गटाच्या बैठकीत वाचून दाखवावी, सुनावणी मजुरी बुडणार नाही अशा वेळी ठेवावी आणि किती बायका बोलल्या याची नोंद इतिवृत्तात वेगळी घ्यावी. अर्ज मंडळाच्या अमरावती प्रादेशिक कार्यालयाकडे द्यायचा, प्रत मंत्र्यांना. पोच घ्यायला विसरू नका, आणि तिची एक नक्कल आमच्याकडेही पाठवा.