विश्लेषण : बाळ असलेल्या घराने छोटी गाडी कशी निवडावी? आधी मागची सीट बघा, मग सनरूफ!

गेले तीन रविवार दादा-वहिनीबरोबर गाड्या बघण्यात गेले. घर नालासोपाऱ्यात, बाळ नऊ महिन्यांचे, बजेट नऊ लाखांपर्यंत आणि दादाची अट एकच, गाडी सीएनजीवर चालली पाहिजे. प्रत्येक शोरूममध्ये आधी सनरूफ उघडून दाखवले, मग टचस्क्रीन, मग ऑटोमॅटिक एसी. तिसऱ्या ठिकाणी वहिनीने विचारले, ‘‘बाळाची सीट कुठे अडकवायची?’’ विक्री प्रतिनिधीने मागच्या सीटच्या फटीत हात घालून बराच वेळ चाचपले. काही सापडले नाही तेव्हा हसून म्हणाला, ‘‘मॅडम, बाळाला तुम्ही मांडीवरच घेणार ना?’’

त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही, आपण सगळे तेच करतो. वसई-विरारमध्ये आठवडाभर लोकल आणि रिक्षा. गाडी निघते ती सुट्टीच्या दिवशी, लसीकरणाला, वज्रेश्वरीला, नाताळात नातेवाइकांकडे आणि गणपतीत थेट कोकणात. या प्रत्येक प्रवासात बाळ आईच्या नाहीतर आजीच्या मांडीवर असते. म्हणून माझे मत असे की, लहान मूल असलेल्या घराने गाडीची निवड मायलेजपासून नव्हे, मागच्या सीटपासून सुरू करावी. तिथे बाळाची सीट नीट बसत नसेल तर बाकी यादी वाचण्याची गरज नाही.

मांडी सुरक्षित का नाही?

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे गणित पुरेसे आहे. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात आहे आणि धडकेत साधारण एक दशांश सेकंदात थांबली. त्या क्षणी दहा किलोचे बाळ हातात धरून ठेवायला सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. कोणत्याही आईच्या हातात तो नसतो, मायेचा इथे काही संबंधच येत नाही. ५० च्या वेगाने आदळणे म्हणजे साधारण दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखे आहे. आईने स्वतः पट्टा लावला नसेल तर बाळ तिच्या आणि पुढच्या सीटच्या मध्ये चिरडते. दोघांना मिळून एकच पट्टा लावला तर आईच्या वजनाने तो पट्टाच बाळाच्या पोटात रुततो.

मागच्या सीटवर पट्टा कशाला, असे म्हणणाऱ्यांना पालघर जिल्ह्यात तरी वेगळे उदाहरण द्यायला नको. ४ सप्टेंबर २०२२ रोजी मनोरच्या पुढे चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योजक सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी मृत्युमुखी पडले, पुढे बसलेले दोघे वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले होते. गाडी महागडी होती, एअरबॅग होत्या. तोच राष्ट्रीय महामार्ग ४८ आपल्या दारातून जातो (आपल्या गाड्यांची पाटीही एमएच-४८, हा निव्वळ योगायोग). फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली असली तरी मुंबई, ठाणे, गुजरात किंवा कोकण, कुठेही जायचे तर बहुतेकांना याच रस्त्यावर यावे लागते.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-बी नुसार १४ वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा बाळाच्या सीटने बांधले नसेल तर चालकाला एक हजार रुपये दंड आहे. हेल्मेटची नाकाबंदी आपण सर्वांनी पाहिली आहे, मांडीवरच्या बाळासाठी गाडी अडवलेली मी तरी पाहिलेली नाही. मिस्त्री यांच्या अपघातानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मागच्या प्रवाशांच्या पट्ट्याची मोहीम जाहीर केली, तीही हळूहळू विस्मरणात गेली. त्यामुळे दंडाच्या भीतीने ही सवय लागेल, अशी आशा धरू नये.

स्टार कोणाचे, मोठ्यांचे की मुलांचे?

जाहिरातीत ‘फाइव्ह स्टार’ लिहिलेले असते. विचारायचे ते हे, की पाच स्टार कोणाला? धडक चाचणीत मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी वेगवेगळे गुण असतात आणि त्यांत बराच फरक पडू शकतो. ग्लोबल एनकॅपच्या एप्रिल २०२३ च्या निकालात वॅगन-आरला मोठ्यांसाठी एक आणि मुलांसाठी शून्य स्टार मिळाला. त्याच कंपनीच्या नव्या डिझायरला नोव्हेंबर २०२४ मध्ये मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी चार स्टार मिळाले. टाटा पंचला २०२१ मध्ये तसेच पाच आणि चार, रेनो ट्रायबरला त्याच वर्षी चार आणि तीन. म्हणजे ‘अमुक कंपनीचा पत्रा पातळ’ हा आपल्याकडचा पानाच्या ठेल्यावरचा वाद इथे फारसा कामाचा नाही. मॉडेल आणि चाचणीचे वर्ष बघायचे.

१ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप लागू झाले. त्यात मुलांसाठी ४९ गुण आहेत. २४ गुण धडकेतील संरक्षणाचे, १२ बाळाच्या सीट गाडीत नीट बसतात का याचे आणि १३ गाडीत मुलांसाठी असलेल्या सोयींचे. थोडक्यात, निम्म्याहून अधिक गुण वहिनीने विचारलेल्या प्रश्नाचेच आहेत! निकालपत्रात दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या बाहुलीसाठी कोणत्या प्रकारची सीट वापरली, तिचे तोंड कोणत्या दिशेला होते, तेही छापलेले असते. ही चाचणी ऐच्छिक आहे. त्यामुळे एखाद्या गाडीचा निकालच नसेल, तर ‘चाचणी का दिली नाही’ हे विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

पाच आसनी गाडी किती जणांची?

बाळाची सीट अडकवण्याच्या दोन पद्धती आहेत. एक आयसोफिक्स. मागच्या सीटच्या पाठ आणि बैठक यांच्या फटीत, गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या लोखंडी कड्या असतात, त्यात सीट खटकन बसते. दुसरी पद्धत नेहमीच्या तीन ठिकाणी अडकणाऱ्या पट्ट्याने. दुसरीही चालते, पण सीट चुकीची बांधली जाण्याची शक्यता तिच्यात जास्त. शिवाय मागे तोंड करून बसवण्याच्या सीटभोवती फिरवायला काही गाड्यांत पट्टाच अपुरा पडतो, हे घरी आल्यावर कळते.

मागे तोंड कशासाठी? बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते, मान नाजूक. पुढे तोंड असेल तर धडकेत सगळा ताण मानेवर येतो, मागे तोंड असेल तर तो पाठीवर पसरतो. युरोपच्या आर-१२९ नियमात किमान १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचे आहे. अशी सीट पुढे चालकाशेजारी, चालू एअरबॅगसमोर कधीही लावायची नाही, कारण उघडणारी एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर आदळते.

खरी अडचण इथून पुढे आहे. मागे तोंड असलेली सीट लांबीला जागा खाते, त्यामुळे तिच्या पुढची सीट सरकवावी लागते. दादाची उंची पाच फूट दहा इंच. चालकामागे बाळाची सीट लावून पाहिली तर त्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. म्हणून सीट डाव्या बाजूला, तिथे दार फुटपाथकडे उघडते हा वेगळा फायदा. आता रुंदी. छोट्या गाडीत मागची जागा खांद्याच्या उंचीवर साधारण सव्वा मीटर असते. त्यातले ४४ सेंटिमीटर बाळाच्या सीटचे. उरले ८१, म्हणजे दोन मोठ्यांना प्रत्येकी ४० सेंटिमीटर. लोकलची चौथी सीट आठवा, साधारण तसे. विरारहून बोरिवलीपर्यंत ठीक आहे, कुडाळपर्यंत नाही. तेव्हा कागदावर पाच आसनी असलेली गाडी बाळाची सीट लागली की चार जणांचीच होते, हे घरात आधीच बोलून घ्यावे. आजीला मधे बसवून बघायचे ते शोरूममध्ये, महामार्गावर नव्हे. मधल्या जागेला तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आहे की नुसता कमरेचा, हेही तेव्हाच दिसते.

सीएनजी घेतली तर डिकी कुठे जाते?

आपल्याकडच्या छोट्या गाड्या ३,९९५ मिलिमीटरच्या आसपास येऊन का थांबतात? २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा लहान गाड्यांचे उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले गेले. तेव्हापासून कंपन्यांची कात्री चार मीटरवर फिरते आणि तिच्याखाली बहुतेकदा डिकीच येते. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटी दरांतही १२०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरपर्यंतच्या पेट्रोल व सीएनजी गाड्यांना १८ टक्के, मोठ्यांना ४० टक्के कर आहे. त्यामुळे हे माप इतक्यात बदलणार नाही.

पेट्रोल गाड्यांत कागदावरचे आकडे बरे दिसतात. स्विफ्ट २६५ लिटर, वॅगन-आर ३४१, पंच ३६६, डिझायर ३८२, एक्स्टर ३९१. ट्रायबरची तिसरी रांग काढून ठेवली तर तब्बल ६२५, तिन्ही रांगा उभ्या असतील तर अवघी ८४. पण सीएनजी घेतली की नेहमीच्या रचनेत एक मोठा सिलिंडर डिकीत आडवा येतो आणि हे आकडे निरर्थक होतात. उरते ती सिलिंडरच्या वर आणि बाजूला जागा. तिथे पिशव्या कोंबता येतात, स्ट्रोलर नाही. मे २०२३ मध्ये अल्ट्रोजमध्ये आणि मग पंचमध्ये एकाऐवजी दोन लहान सिलिंडर फरशीखाली बसवण्याची रचना आली. दोन्हींत डिकी २१० लिटरची राहते, पण ती सपाट असते. पुढे ह्युंदाईनेही एक्स्टरमध्ये दुहेरी सिलिंडर दिला. वसई-विरारमध्ये बाळासाठी सीएनजी गाडी घ्यायचीच असेल तर माझ्या मते याच रचनेचा विचार करावा. स्टेपनी कुठे गेली, की तिच्याऐवजी नुसता पंक्चर किट मिळतो, एवढे मात्र विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात नसते. सीएनजी भरताना सगळ्यांना गाडीतून उतरावे लागते. पाऊण तास रांगेत काढून बाळ नुकतेच झोपलेले असते आणि तेव्हाच त्याला पट्ट्यातून सोडवून उचलायचे. म्हणून पट्ट्याचे बकल एका हाताने उघडते का ते बघा. आणि गॅस शक्यतो आदल्या रात्री, बाळाला घरी ठेवून भरा.

स्ट्रोलर कोणता?

अचोळे रोडच्या किंवा स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर स्ट्रोलर चालवून दाखवणाऱ्याला बक्षीस द्यायला हवे. त्याचा उपयोग सोसायटीच्या आवारात, मॉलमध्ये, फार तर विमानतळावर. मोठ्या चाकांचा, भारी स्ट्रोलर घेऊन मग त्याच्यासाठी मोठी गाडी शोधणे हा उलटा हिशेब आहे. घडी घालून बॅगेएवढा होणारा हलका स्ट्रोलर घ्या. छत्रीसारखा मिटणारा हलका असतो, पण लांबीला मीटरभर. तो आडवा बसतो का ते मोजा. डिकीचे लिटर पाण्यासाठी ठीक आहेत, स्ट्रोलरसाठी टेप लागते.

शोरूममध्ये काय न्यावे?

चौथ्या रविवारी आम्ही बाळाची सीट, घडीचा स्ट्रोलर, टेप आणि आईला घेऊन गेलो. सीट आधीच घेतली होती. दादाला खर्च नको वाटत होता, पण ॲलॉय चाके आणि क्रोमच्या पट्ट्यांचे पॅकेज रद्द केल्यावर पैसे सुटले. वहिनीने स्वतः आयसोफिक्सच्या कड्या शोधल्या, सीट बसवली, हलवून पाहिली, बाळाला बांधले. मी वेळ लावली, पहिल्यांदा सहा मिनिटे, तिसऱ्यांदा दीड. स्ट्रोलर डिकीत आडवा गेला, वर दोन बॅगांची जागा उरली. आईने शेजारी बसून बाळाला हात पोहोचतो ना, एवढेच पाहिले. बाळ रडले, हे सांगायला हवे. पहिले काही दिवस रडणारच, असे गृहीत धरून वहिनी आता सोसायटीच्या आवारात रोज दहा मिनिटे सीटची सवय लावणार आहे.

दुहेरी सिलिंडरची गाडी बुक झाली. गणपतीला दादा चालवणार, वहिनी पुढे, मागे डावीकडे बाळ, उजवीकडे आई आणि मधे खाऊची पिशवी. चौघांचा हिशेब झाल्यावर पाचव्याला जागा उरलेली नाही. त्यामुळे मी तुतारी एक्स्प्रेसचे आरक्षण कधी उघडते त्याकडे लक्ष ठेवून आहे.